गाडीखालचा अग्रलेख

बाबी तेंडोलकर गाडीखाली नेहमी अग्रलेखाचं पान घालायचा. त्यामागे विचार होता. खेळाचं पान घातलं तर गिऱ्हाईक ते वाचायला वाकतं आणि उठताना बंपरवर डोकं आपटून घेतं. सिनेमाच्या पुरवणीचा कागद गुळगुळीत, त्यावर थेंब पसरतो आणि त्याचा आकार कळत नाही. छोट्या जाहिरातींचं पान इतकं गच्च, की डाग पडला तरी तीही एक जाहिरातच वाटावी. अग्रलेखाच्या पानाला समास मोठे, कागद खरखरीत, आणि वर बाबीचा शेरा, "ता पान परत मागूक कोण येणा नाय."

हे तो मला तोंडावर सांगायचा. मी एका मराठी दैनिकात तीसेक वर्षं मुद्रितशोधक होतो. अग्रलेख मी लिहीत नसे, त्यातल्या वेलांट्या जागेवर ठेवत असे. पण बाबीच्या लेखी पेपरात बसणारा माणूस म्हणजे संपादक. "या संपादक, आज सरकाराक काय सुनावल्यात?" असं विचारून तो उत्तराची वाट न पाहता तेच पान गाडीखाली सरकवायचा. ते पान शेवटच्या ओळीपर्यंत कामाला लावणारे शहरात बहुधा आम्ही दोघंच असू.

त्याचं गॅरेज लालबागच्या एका गल्लीत, बंद गिरणीच्या उरलेल्या भिंतीला टेकून होतं. दीड गाडी मावेल एवढी जागा. अर्धी गाडी आत असायची आणि एक बाहेर. आत एक जुनं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र होतं. ते ज्या गिरणीच्या मशीनशॉपमधून भंगारात निघालं, तिथेच बाबी फिटर होता. "आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो," एवढंच तो गिरणीबद्दल बोलायचा. त्यावर मुलाखती घ्यायला येणाऱ्या अभ्यासू तरुण-तरुणींची तो फार निराशा करायचा.

काम झालं की बाबीची एक पद्धत होती. इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ द्यायचं. मग बंद करून तेल मोजायचं. त्यासाठी अग्रलेखाच्या पानाचा खालचा उजवा कोपरा टर्रकन फाडायचा, त्यानं गेजपट्टी पुसायची, आणि उरलेलं पान इंजिनखाली पसरायचं. मग सहा तास गाडीला हात लावायचा नाही. संध्याकाळी पान बाहेर काढून उजेडात धरायचं. कोरं असेल तर समासात गाडीचा नंबर आणि खाली "बा. तें." अशी सही करून पान गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. हीच त्याची गॅरंटी. कितीतरी टॅक्सीवाल्यांनी ती पानं घडी करून देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेली मी पाहिली आहेत.

सहा तास थांबायला सगळ्यांना जमत नसे. 

"अहो बाबीशेठ, मला चार वाजता वडाळ्याला पोचायचंय."

"पोचा ना. गाडी राहू द्या, तुम्ही जा."

"गाडीशिवाय कसा जाऊ?"

"मग बसा. पेपर वाचा. एवढं एक पान सोडून."

गिऱ्हाइकांशी तो मुंबईची मराठी बोलायचा. खूश झाला किंवा रागावला की मालवणीत शिरायचा. त्यामुळे नुसत्या आवाजावरून गल्लीला कळायचं की आज इंजिन कसं निघालं.

भपक्याचं त्याला वावडं होतं असं मी म्हणणार नाही. भपका त्याला दिसतच नसे. समोर टॉवर झाला, त्याच्या लॉबीत एक कृत्रिम धबधबा आला, तेव्हा बाबीनं वॉचमनला फक्त एवढंच विचारलं, की याचा पंप कितीचा. त्या टॉवरमधले एक गृहस्थ एकदा आपली भली मोठी गाडी घेऊन आले. गाडी पार्किंगच्या संगमरवरावर तेल गाळत होती आणि सोसायटीनं त्यांना पत्र दिलं होतं. गृहस्थांच्या हातात प्लॅस्टिकची फाईल होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी पानंच्या पानं भरून तपासली होती आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली होती.

बाबीनं फाईल उलटसुलट करून पाहिली. "यात थेंबाचं कुठे लिहिलंय?"

"तसं वेगळं नसतं हो. ओव्हरऑल कंडिशन एक्सलंट आहे."

बाबीनं पान घातलं. दहा मिनिटांत अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदावर तेलाचा टपोरा थेंब. त्यानं ते पान दोन बोटांत धरून गृहस्थांना दिलं. "हे पण लावा फायलीत. आणि पुढच्या वेळी साहेब, फाईलच गाडीखाली ठेवा. जास्त उपयोग होईल." मग खाली जाऊन त्यानं एक वॉशर बदललं आणि दुपारभर गृहस्थांना बाकड्यावर बसवून ठेवलं. त्यांनी नंतर आपली दुसरी गाडीही आणली.

दुसरा प्रसंग सत्काराचा. मंडळाच्या सत्यनारायणाला 'परिसरातील गुणवंत' म्हणून दरवर्षी काहीजणांना स्टेजवर चढवतात. त्या वर्षी बाबी सापडला. वक्त्यांनी त्याला 'यंत्रमहर्षी' म्हटलं. हा शब्द मी छापू दिला नसता. शाल अंगावर पडताच बाबीनं तिचा पदर चिमटीत धरून चोळला आणि माइक समोर आहे याचं भान न ठेवता विचारलं, "सुती हा काय?" पाहुणे म्हणाले, मिक्स असेल. "मग तेल टिपूची नाय," बाबी म्हणाला, आणि अख्ख्या मंडपानं ते ऐकलं. शाल त्याच्या मुलीनं वापरली. स्मृतिचिन्ह शिसवी लाकडाचं, चांगलं वजनदार होतं. ते शेवटपर्यंत गॅरेजमध्ये चाकाखाली अडसर म्हणून लागत होतं.

मुलीचं नाव नूतन. बाबीची बायको लवकर गेली, घरात ही दोघंच. नूतन परळला एका विम्याच्या ऑफिसात नोकरीला, बोलायला बापासारखीच. बाबीच्या डोळ्यांचं पहिल्यांदा मला तिनंच सांगितलं. बाबीच्या समोर, तो तिथे नसल्यासारखं.

"काका, तुम्ही तरी सांगा यांना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा आमटीत मीठ समजून साखर घातली."

"बरी लागत होती," बाबी इंजिनातून म्हणाला.

"ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं. टाकासुद्धा नाही घालत आता."

"आणि मगे म्हयनोभर वाकूचा नाय म्हणतत." बाबी बाहेर आला. "मी वाकलो नाय तर करू काय? भाषण?"

"बाबा, एक दिवस काहीतरी चुकेल हातून."

बाबीनं हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग मुंबईच्या मराठीत, म्हणजे अगदी गंभीरपणे म्हणाला, "ऐक. पंचवीस-तीस वर्षांत मी केलेल्या कामाखाली थेंब पडलेला नाही. दुसऱ्यानं केलेल्या पडतो, माझ्या नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी शटर खाली. परत वर करणार नाही. मग तू ने मला तुझ्या डॉक्टरकडे. तोवर मला दिसतंय."

"काका साक्षीदार आहेत," नूतन म्हणाली.

मी मान हलवली. लोकांच्या वाक्यांना साक्षीदार राहणं हा माझा धंदाच होता. पण त्या दिवसापासून मी बघू लागलो. पान्याचा नंबर तो अंगठ्यानं चाचपून ओळखायचा. पार्टच्या खोक्यावरचं मला वाचायला लावायचा, "चष्मो वर रवलो" म्हणून, आणि चष्मा त्याच्या कपाळावर असायचा. त्याला जे दिसत नव्हतं ते त्याचे हात भरून काढत होते, आणि हातांना ते जमत होतं. म्हणून मी काही बोललो नाही.

माझ्याकडे वीस वर्षांची एक लहान पेट्रोल गाडी आहे. मेहुणा परदेशी गेला तेव्हा माझ्या गळ्यात पडली आणि मग लळा लागला. मागच्या पावसाळ्यानंतर हिंदमाताजवळच्या एका खड्ड्यात ती टेकली आणि इंजिनखालचं तेलाचं भांडं, ज्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात, ते तडकलं. त्या गाडीचे पार्ट कंपनी आता बनवत नाही. बाबीनं कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस घालवून एक चेंबर आणलं. तेच इंजिन, पण पुढच्या मॉडेलचं. सगळं बरोबर बसत होतं. फक्त तळाशी, तेलाच्या पातळीच्या बरंच खाली, त्याला एक जास्तीचं तोंड होतं. नव्या मॉडेलमध्ये तिथे सेन्सर असतो. तेल कमी झालं की तो डॅशबोर्डवर दिवा लावतो. माझ्या गाडीत ती सोय नव्हती. तेल कमी झालं की बाबी सांगायचा.

त्या तोंडात जुना सेन्सर अजून बसलेला होता, वायरी कापलेला.

"राहू दे की हा इथेच," मी म्हणालो. "तोंड बंद तर आहे."

बाबीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "प्लॅस्टिक हा ता. आज बंद हा. दोन वर्सांनी उकळत्या तेलात तडकतला. तवा तुमी खंय असशात? वाशीच्या पुलावर." मग सेन्सर पिळून काढत म्हणाला, "ज्या होलात पाइप असता, त्येच्यावर सगळ्यांचो डोळो असता. ज्येचो उपयोग नाय, त्येच्याकडे कोण बघणा नाय. गळता ता थयसूनच."

कुणी त्यात रबरी बूच ठोकलं असतं, कुणी बॉन्ड थापला असता. बाबीनं तोंडाचे आटे मोजले. लेथवर पितळेच्या सळईचा तुकडा लावला आणि त्या आट्यांचं बूच स्वतः कातलं. षट्कोनी डोक्याचं, सोन्यासारखं. ते आटे त्यानं डोळ्यांनी नव्हे, नखानं तपासले. बूच तोंडात हातानं असं फिरलं, की जणू ते त्याच्यासाठीच होतं.

राहिलं तांब्याचं वॉशर. बूच आणि चेंबर यांच्यामध्ये ते बसतं आणि पिळलं की चेपून फट बुजवतं. पण तांबं पडून पडून कडक होतं. म्हणून ते आधी गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकायचं, म्हणजे मऊ पडतं. किती लाल, हे बाबीचं ठरलेलं होतं. शटर अर्धं ओढून, दिवा घालवून तो तांब्याकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, "रातांबो झालो." पिकल्या कोकमफळाचा तो गडद लाल रंग. की लगेच पाण्यात.

त्या दिवशी त्यानं शटर ओढलं नाही. दिवाही घालवला नाही. वॉशर ज्योतीवर धरून ओठांत आकडे मोजले आणि पाण्यात टाकलं. मी समोर बसलो होतो. मी ते पाहिलं आणि पुढे वाचत राहिलो. तीस वर्षं चुका पकडून पोट भरलेल्या माणसानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तेल भरून इंजिन गरम झालं. मी ताजा पेपर नेला होता. बाबीनं कोपरा फाडला, पट्टी पुसली, पान घातलं. एक वाजता तो शेजारच्या चाळीत जेवायला गेला. जेवल्यावर तासभर पडण्याचा त्याचा नेम होता. मी बाकड्यावर बसून राहिलो.

साडेबाराला पाहिलं होतं तेव्हा काही नव्हतं. दीडला मी सहज वाकलो.

अग्रलेखाच्या तिसऱ्या स्तंभावर, अगदी मधोमध, एक थेंब होता. वाटाण्याएवढा. वर बघितलं तर पितळी बुचाच्या कडेला दुसरा तयार होत होता.

मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. शटर माझ्या डोक्यावर होतं, गुंडाळलेलं. ते पूर्ण खाली आलेलं मी गेल्या कित्येक वर्षांत दिवसाउजेडी पाहिलं नव्हतं. मग मी जे केलं ते सांगतो. मी नाक्यावर जाऊन त्याच पेपरचा दुसरा अंक आणला. तीच तारीख, तीच आवृत्ती. हेही तपासून घेतलं, कारण शहर आवृत्तीत कधीकधी अग्रलेखाची जागा हलते. रुमालानं बूच पुसलं. डागाचं पान घडी करून खिशात घातलं आणि कोरं पान त्याच जागी पसरलं. दर पाऊण तासानं, बाबी परतल्यावर त्याची पाठ वळलेली साधून, वाकून बूच पुसत राहिलो. इतकं काळजीपूर्वक काम मी नोकरीतही केलं नसेल.

चारला बाबीनं गाडीखाली हात घालून पान ओढलं. नूतनही ऑफिसातून लवकर आली होती. त्यानं पान उजेडात धरलं. कोरं. माझा जीव खाली पडला.

सहीसाठी त्यानं ते बॉनेटवर ठेवलं आणि तळव्यानं सारखं केलं. हात कडेनं फिरत गेला. वरचा डावा कोपरा. वरचा उजवा. खालचा डावा. खालच्या उजव्या कोपऱ्याशी हात थांबला. बोटांनी तो कोपरा दोनदा चाचपला.

"संपादक," तो म्हणाला. "ह्येका चार कोपरे हत."

माझा हात खिशातल्या घडीवर गेला.

"माज्या गाडयेखालसून चार कोपऱ्यांचा पान कदी इला नाय."

गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

"जल्मभर लोकांचे चुको काढल्यात," बाबी म्हणाला, "आणि माजी लपवल्यात?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी खिशातून डागाचं पान काढलं. त्याला तो थेंब दिसला की नाही कोण जाणे. त्यानं त्यावर बोट ठेवलं, बोट नाकाशी नेलं.

"केवढो?"

"वाटाण्याएवढा."

"किती वेळात?"

"साडेबारा ते दीड."

त्यानं हिशोब लावला. "म्हणजे आटे बरे हत. आटे चुकले असते तर धार लागली असती. वॉशर. मऊ पडला नाय." मग बोट पुसत, "माका लाल दिसलोच नाय ओ. आकडे मोजलंय."

नूतन पुढे आली. तिला जिंकल्यासारखं वाटलं नसावं, चेहऱ्यावर तरी नव्हतं. "बाबा, चला घरी."

"उद्या," बाबी म्हणाला. "गळती गाडी ठेवून शटर ओढूचा नाय. उद्या संपादक येतले. त्येंका दिसता."

दुसऱ्या दिवशी तेल काढलं, बूच काढलं. बाबीनं शटर अर्धं ओढलं, दिवा घालवला, चिमट्यात नवं वॉशर धरलं आणि गॅस पेटवला. "तुमी बगा. मी धरतंय."

तांबं आधी काळवंडलं. मग त्यात एक मंद लाली आली.

"लाल झालं," मी म्हणालो.

"कसला लाल? रातांबो?"

"नाही. अजून विटेसारखं."

"मगे बोलू नको."

पहिल्यांदाच तो मला एकेरीत बोलला. मी बघत राहिलो. लाली गडद होत गेली, तिच्यात एक रसरशीतपणा आला. मी कोकणातला नाही. रातांबे मी दादरच्या बाजारात टोपलीत पाहिलेले. पण तो रंग आल्यावर दुसरं नाव सुचेना.

"रातांबा," मी म्हणालो.

चर्र करून वॉशर पाण्यात गेलं.

सहा तास आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. नूतननं रजा टाकली होती. डब्यात तिनं बांगड्याचं तिखलं आणलं होतं. बाबीनं ते बोटानं चाखलं. "मीठ हा काय बग ह्यात," म्हणाला, आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. चारला पान ओढलं. तीन कोपऱ्यांचं, कोरं. मी उजेडात धरून दोन्ही बाजू पाहिल्या. नूतननंही पाहिल्या. बाबीनं समासात गाडीचा नंबर लिहिला आणि पेन माझ्याकडे दिलं.

"सही तुमची. बगितल्यात तुमी."

मी सही केली. ते पान अजून माझ्या गाडीत आहे.

मग त्यानं शटर ओढलं. मी म्हणालो, अरे बाबी, काम झालं की, पान कोरं आहे. तो म्हणाला, "कालचा?"

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिना झाला, दोन महिने झाले, त्याला वाकायची परवानगी मिळाली. वर्तमानपत्र तो आता वाचायचा, आणि अग्रलेख वाचून एकदा मला फोनवर म्हणाला, "ह्याच्यावर मी थेंब पाडूक व्हये होते." टॅक्सीवाले चाळीत येऊन विनवण्या करून गेले. मीही एकदा विषय काढला. शब्द नूतनसमोर दिला होता, एवढंच तो म्हणाला. लेथ आणि पाने-पकडी ज्या कुर्ल्याच्या बाजारातून माझं चेंबर आलं होतं तिथेच गेले, आणि बाबी गावी, तेंडोलीला भावाकडे राहायला निघाला. भावाच्या भाताच्या गिरणीचं इंजिन बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत होतं म्हणे.

दादरला त्याची बस होती. मी त्याला गाडीनं सोडायला गेलो, नूतनही सोबत होती. बाबी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. मी बॅग उतरवत होतो, तेवढ्यात त्यानं माझ्या काखेतला पेपर ओढला. अग्रलेखाचं पान काढलं. खालचा उजवा कोपरा फाडला. आणि भर रस्त्यात, बसवाल्यांच्या आणि फुलवाल्यांच्या देखत, पांढऱ्या शर्टानिशी तो माझ्या गाडीखाली आडवा झाला.

"बाबा, शर्ट," नूतन म्हणाली.

ते बूच त्यानं स्वतः कातलं होतं, पण नीट पाहिलं नव्हतं. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. बसच्या क्लीनरनं दोनदा हाक मारली. मग तो बाहेर आला, उठून बसला, आणि बुचावरून फिरवलेला तो कागदाचा तुकडा डोळ्यांपुढे धरला. या बाजूनं, त्या बाजूनं. ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यानं तुकड्याची घडी घालून शर्टाच्या खिशात तिकिटामागे ठेवली, नूतनच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बसमध्ये चढला. पाठीवर शर्टाला रस्त्याची धूळ लागली होती. तेल नव्हतं.

माझ्या हातात तीन कोपऱ्यांचं पान राहिलं.